हातचे सोडून पळत्याच्या पाठी

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, पाठशाळेत अमरकोश घोकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘क्षण’ हा शब्द भेटतोच. अमरसिंहाने त्याचे तीन अर्थ दिले आहेत. पहिला, काळाचे एक माप. दुसरा, निर्व्यापार स्थिती, म्हणजे दुसरा कोणताही उद्योग हाती वा मनात नसणे. आणि तिसरा, उत्सव. वरवर पाहिले तर हे तीन अर्थ तीन गावचे वाटतात. पण ते एकाशेजारी एक मांडून पाहा, म्हणजे त्यांतून सिद्धांतच उभा राहतो. काळाचा जो तुकडा माणूस दुसरा उद्योग मनात न आणता घालवतो, तो तुकडा त्याचा उत्सव होतो. श्राद्धाच्या निमंत्रणाला ‘क्षण देणे’ म्हणतात, ते तरी का? ‘एवढा वेळ आपण माझ्यासाठी राखून ठेवावा, दुसरीकडे जाऊ नये,’ असे यजमानाचे त्यात मागणे असते.

आता आजची स्थिती पाहा. पहिल्या अर्थाचे क्षण आपल्याजवळ भरपूर आहेत. भिंतीवर घड्याळ, मनगटावर घड्याळ, खिशातल्या फोनमध्ये घड्याळ. परंतु दुसरा अर्थ हातातून निसटत चालला आहे. अंग एका ठिकाणी आणि मन सतरा ठिकाणी. आणि दुसरा अर्थ गेला की तिसरा कुठून उरणार? उत्सव पुष्कळ होतात, मंडप मोठे होतात, पण मनात उत्सव होत नाही. या रोगाचे निदान आणि त्यावर संतांनी घालून दिलेला उतारा, एवढाच आजचा विषय आहे.

रोगाचे लक्षण असे. आपल्या देवळाली प्रवरेच्या पंचक्रोशीत अखंड हरिनाम सप्ताहांना तोटा नाही. काल्याचे कीर्तन रंगात आलेले असते, टाळकरी पावलीवर आलेले असतात, आणि मंडपात बसलेल्या एखाद्या तरुणाचा हात हळूच खिशाकडे जातो. शेजारच्या तालुक्यात कोणी नामांकित कीर्तनकार आलेले आहेत, तिथली गर्दी कोणीतरी मोबाईलवर टाकली आहे. हा इथे बसून तिथले पाहतो. गंमत अशी, की त्याच घटकेला तिथल्या मंडपात बसलेला दुसरा कोणी इथले पाहत असतो! दोघेही सप्ताहात आहेत आणि दोघेही सप्ताहाबाहेर आहेत. दोघांच्याही मनात एकच बोच, की ‘आपण नेमके चुकीच्या ठिकाणी आलो.’

बरं, ही नुसती पोरासोरांची गोष्ट नव्हे हो. पंगतीत बसलेला मोठा माणूस पुरणपोळी निवली तरी बोटाने काच वरवर सरकवत असतो. माळकरी माणूस हरिपाठाच्या मध्येच पाहतो, की गटावर कोणी काय टाकले. रात्री डोळा लागण्यापूर्वी शेवटचे दर्शन त्याचेच आणि पहाटे डोळा उघडला की पहिले दर्शन त्याचेच. काकडा त्यानंतर.

इंग्रजीत या भीतीला ‘फोमो’ असे आखूड नाव पडले आहे. आपल्यावाचून कुठेतरी काही चांगले चालले असेल आणि ते आपले हुकेल, ही धास्ती म्हणजे फोमो. पॅट्रिक मॅकगिनिस नावाच्या, अमेरिकेतील हार्वर्ड येथे व्यापारशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने २००४ साली तिथल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात हे नाव वापरले आणि पुढे ते जगभर गेले. २०१३ साली अँड्र्यू प्रझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह ही भीती मोजण्यासाठी दहा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यात असे दिसले, की ज्यांच्या मनात ही धास्ती अधिक, त्यांचे समाधान कमी. आणि अशी माणसे वर्गात शिकवणे चालू असताना, इतकेच नव्हे तर गाडी चालवतानाही फोनकडे अधिक वळतात. आपल्याकडच्या नगर-मनमाड रस्त्यावरून जो गाडी नेतो त्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नाव परदेशी असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ तिला केवढे तरी शब्द होते: रुखरुख, चुटपुट, चुकल्याचुकल्यासारखे होणे. आणि एक म्हणही होती, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे. मग नवे काय? नवे हे, की पूर्वी ही रुखरुख कधीमधी यायची, जत्रा हुकली, बारसे हुकले म्हणजे. आता ती चोवीस तास पुरवली जाते.

पुरवली जाते, हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. हे यंत्र कसे चालते ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे लेकरांना उगाच दोष देणार नाही. फेसबुकवर अंगठ्याची पसंती २००९ साली आली. म्हणजे आपल्या सुखाला किती जणांनी मान डोलावली, त्याचा आकडा समोर दिसू लागला. पान संपूच नये, खाली ओढावे तितके पुढचे यावे, ही योजना आझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ साली केली. पुढे त्यानेच तिच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. ग्रंथाला अध्याय असतात, अध्यायाला समाप्ती असते, कीर्तनाला शेवटी हेचि दान असते. या पानाला समाप्ती नाही, म्हणून उठण्याची जागाही नाही. २०१४ साली व्हॉट्सॲपवर निळी खूण आली. निरोप वाचला हे पाठवणाऱ्याला कळू लागले आणि उत्तर ताबडतोब न देणे हा अपराध होऊन बसला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि शहरातली ही धास्ती पाटाच्या पाण्यासारखी गावोगाव, वस्तीवस्तीवर पोचली. २०१७ साली व्हॉट्सॲपवर चित्रांचे ‘स्टेटस’ आले. ते चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होते. का बरे नाहीसे होते? राहिले तर तुम्ही सवडीने पाहाल; जाणार म्हटल्यावर आत्ताच पाहाल. हुकण्याची भीती ही त्यात चुकून शिरलेली नाही, तिच्यावरच तो गाडा चालतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. स्किनर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ गेल्या शतकात होऊन गेले. त्यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळतो असे असेल, आणि मग दाणा बंद झाला, तर कबूतर लवकर थांबते. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, केव्हा मिळेल याचा नेम नाही असे ठेवले, तर ते चोच मारीतच राहते. आपला फोन तसाच आहे. दहा वेळा उघडावा, नऊ वेळा काही नसते. दहाव्या वेळी कोणाची तरी गोड बातमी असते. त्या एका दाण्यासाठी आपण दिवसभर चोच मारतो. मनुष्यदेहाला येऊन कबुतराची गती!

आता शंका. येथे कोणी म्हणेल, ‘महाराज, हुकण्याची भीती म्हणजे सगळी वाईटच का? कालव्याला आवर्तन सुटले आहे, आमची पाळी रात्री दोन वाजता आहे. आम्ही झोपलो तर पाळी हुकेल, ऊस वाळेल. मग आम्ही भ्यायचे नाही काय?’

शंका रास्त आहे. या मुलखाला पाण्याच्या पाळीचे मोल कोणी शिकवायला नको. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या कोरड्या मातीचे रूप पालटले. मध्यरात्री कंदील घेऊन, हल्ली बॅटरी घेऊन, बांधावर दारे धरणारा शेतकरी जागा असतो, त्याला आम्ही रोगी म्हणणार नाही. त्याचे नाव दक्षता. दक्षता आणि धास्ती यांतला फरक लक्षात ठेवा. दक्षतेला एक ठिकाण असते, एक वेळ असते, एक कर्तव्य असते. पाणी भरून झाले की ती संपते आणि माणूस निवांत झोपतो. धास्तीला ठिकाण नाही, वेळ नाही, कर्तव्य नाही. तिचे कधी भरून होतच नाही. जो आपल्या वाफ्याचे दारे धरून उभा आहे तो दक्ष. पण जो आपला वाफा फुटू देतो आणि साऱ्या शिवारात कोणाच्या वाफ्यात किती पाणी चालले आहे हे पाहत बांधाबांधाने फिरतो, त्याला काय म्हणावे? त्याचे पाणीही जाते आणि रात्रही जाते.

वेदांतात दहाव्या माणसाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. दहा जण नदी उतरले. समजा, आपली प्रवराच पावसाळ्यात दुथडी वाहते आहे. पैलतीरी आल्यावर एक म्हणाला, सगळे सुखरूप आलो ना, मोजून पाहू. त्याने मोजले, नऊच भरले. दुसऱ्याने मोजले, नऊच. प्रत्येकाने मोजले, प्रत्येकाला नऊच. मग दहावा वाहून गेला म्हणून त्यांनी तीरावर बसून आक्रोश मांडला. वाटेने एक शहाणा चालला होता. त्याने पाहिले, दहा तर समोर आहेत! तो मोजणाऱ्याचा हात धरून त्याच्याच छातीकडे वळवून म्हणाला, अरे, दहावा तूच. तेवढ्याने शोक संपला. कोणाला नदीतून काढावे लागले नाही, काही नवे आणावे लागले नाही.

आपले आज हेच चालले आहे. बोटाने आपण इतरांची आयुष्ये मोजत बसतो. हा महाबळेश्वरला गेला, एक. त्याने नवी गाडी घेतली, दोन. तिच्या मुलाला परदेशात नोकरी लागली, तीन. अमक्याची वारी झाली, चार. सगळ्यांची मोजदाद बरोबर होते, आणि ‘काहीतरी हरवले आहे हो’ म्हणून जीव रडतो. हरवलेले काय आहे? मोजणारा. दुसऱ्यांच्या वाड्यात फिरता फिरता आपल्या घरी कोणी नाही, याचीच ती हुरहूर असते. ती दुसऱ्याचे आणखी एक चित्र पाहून कशी शमेल?

२०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोन संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. २,२५० माणसांना दिवसात अवचित वेळी विचारले, ‘आत्ता काय करता आहात, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि कसे वाटते आहे?’ जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. आणि मन दुसरीकडे असताना माणसे कमी सुखी होती. मन सुखाच्या विचारात भटकत होते तेव्हाही त्यांचे सुख, हातातल्या कामात रमलेल्या मनापेक्षा वाढलेले दिसले नाही. हे विचारायला त्यांनी मोबाईल फोनच वापरला होता, ही आणखी मौज. आपल्या संतांना ही मोजणी करावी लागली नाही. त्यांनी मनाचे भटकणे जाणून त्याला नामाचा खुंटा दिला.

आता एका महत्त्वाच्या ठिकाणी थांबले पाहिजे, नाहीतर या निरूपणाचा दुरुपयोग होईल. ‘आहे त्यात आनंद माना, हुकल्याची खंत करू नका,’ हे वाक्य प्रत्येकाला आणि प्रत्येक वेळी ऐकवायचे नसते. हुकणे वेगळे आणि हिरावून घेतले जाणे वेगळे. चोखोबारायांना विठ्ठलाच्या राउळात पाऊल टाकू दिले नाही. दर्शनाची त्यांची तळमळ ही धास्ती नव्हती. तो त्यांचा हक्क होता आणि जगाने तो नाकारला होता. १३३८ साली मंगळवेढ्याला कुसवाचे काम चालले असता ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेवपायरीजवळ आहे. आणि त्यांच्या समाजाला आतला दरवाजा उघडण्यासाठी १९४७ चा मे महिना उजाडावा लागला, साने गुरुजींना पंढरीत प्राणांतिक उपोषण करावे लागले. म्हणून सांगतो, ज्याचे ताट ओढून घेतले आहे त्याला समाधानाचे कीर्तन सांगू नये, त्याला ताट द्यावे. आजचा आपला विषय, ज्याच्यासमोर ताट वाढलेले आहे आणि जो शेजारच्या ताटात पाहत उपाशी उठतो, त्याचा आहे.

येथून आता आपण विटेशी येऊ. आपल्या संप्रदायाचा सगळा डोलारा कशावर उभा आहे? एका उशिरावर. पुंडलिकराय आईबापांची सेवा करीत होते. दारी साक्षात परब्रह्म आले. विचार करा, याहून मोठे ‘हुकण्यासारखे’ जगात दुसरे काय असेल? ब्रह्मादिकांना जे ध्यानात सापडत नाही ते उंबरठ्याशी आले आहे, आणि हा पाठमोरा! तुमच्या-आमच्यासारखा असता तर सेवा टाकून धावला असता, आणि आजच्या काळात असता तर आधी खिसा चाचपला असता. पुंडलिकांनी हाताशी होती ती वीट भिरकावली, ‘देवा, जरा यावर थांब, माझे हातचे काम चालले आहे.’ देव रागावला नाही. देव कटीवर कर ठेवून उभा राहिला, तो अजून उभा आहे.

या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली, जे खरे आहे ते थांबते. व्हॉट्सॲपचे चित्र चोवीस तासांत जाते. पंढरीचा देव अठ्ठावीस युगे उभा आहे असे आपण मानतो. कसोटी इथेच लावा. ‘आत्ता पाहिले नाहीस तर गेलेच’ असे जे तुम्हाला बजावते, ते बहुधा गेले तरी चालण्यासारखे असते. आणि ज्याच्यावाचून चालत नाही, ते दारात उभे राहून वाट पाहते. दुसरी गोष्ट, पुंडलिकांनी देव सोडला नाही. हातच्या सेवेत ते पूर्ण होते, म्हणून देव त्यांच्याकडे आला होता. त्यांनी धावून जायचे ठरवले असते, तर ज्या गोष्टीसाठी देव आला तीच संपली असती.

आणि आता कटू वाटेल पण बोलतो. पुंडलिकांनी आईबापांसाठी देवाला थांबवले. आपण कशासाठी कोणाला थांबवतो आहोत? ओसरीवर म्हातारी आई बसलेली आहे. तिला सांगायचे आहे, की गुडघा फार दुखतो, की रात्री तुझे वडील स्वप्नात आले होते. मुलगा समोर आहे, मान खाली आहे. ‘हां, बोल की आई, ऐकतोय मी.’ आई दोन वाक्ये बोलते, थांबते, पदर सारखा करते, उठते. आज विटेवर देव नाही उभा, आज आपल्या घरोघर विटेवर आई उभी आहे, बाप उभा आहे, ‘पप्पा, हे पाहा ना’ म्हणणारे लेकरू उभे आहे. फरक एवढाच, की विठ्ठल अठ्ठावीस युगे थांबू शकतो. आईला तेवढे आयुष्य नसते, आणि लेकराचे बालपण तर चार दिवसांचे. ज्याला खरोखर हुकणे म्हणतात ते हे. भलत्या हुकण्याच्या भयाने आपण खरे ते हुकवून बसतो.

याच आपल्या राहुरी तालुक्यातले दुसरे उदाहरण ऐका. ताहाराबादचे महिपतीबुवा, जन्म १७१५, देहावसान १७९०. घराण्याकडे कुलकर्णीपण, म्हणजे कानावर लेखणी आणि मागे सरकारी तगादा. परंपरेने अशी कथा सांगतात: एके दिवशी ते पूजेत असताना जहागिरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. ‘पूजा आटोपून येतो,’ असे त्यांनी सांगितले. शिपाई अद्वातद्वा बोलला. महिपतींनी पूजा पुरी केली, मग कचेरीत गेले, तिथले काम नीट करून दिले, आणि घरी परतल्यावर कानावरची लेखणी काढून विठोबाच्या पायांशी ठेवली. यापुढे ही लेखणी चालेल ती संतांसाठीच, चाकरीसाठी नाही.

क्रम लक्षात घ्या. बोलावणे आले म्हणून पूजा मोडली नाही. आणि पूजेचे निमित्त करून कामही बुडवले नाही. आधी हातचे, मग पुढचे, ज्याचे त्याला. शिपाई एकदा दाराशी आला तर त्यांनी आयुष्याचा निर्णय केला. आपल्याकडे तो शिपाई खिशात बसलेला आहे, दिवसातून शंभरदा ‘टिंग’ करतो, आणि आपण शंभरदा पूजा सोडून उठतो.

पुढे त्या लेखणीने काय केले? १७६२ साली भक्तविजय, १७७४ साली भक्तलीलामृत, शिवाय संतलीलामृत. आता हुकण्याच्या दृष्टीने पाहा. ज्ञानोबारायांनी १२९६ साली समाधी घेतली. तुकोबाराय १६५० साली वैकुंठाला गेले. महिपती जन्मले त्यानंतर पासष्ट वर्षांनी. म्हणजे या माणसाचे सगळेच हुकले होते! नामदेवरायांचे कीर्तन त्याने ऐकले नाही, नेवाशाचा खांब पाहिला असेल पण त्याला टेकून बसलेले ज्ञानेश्वर पाहिले नाहीत. तरीही त्याने जे जवळ होते ते, म्हणजे जुनी बाडे, जुन्या आठवणी, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या कथा, इतक्या एकाग्रतेने जवळ केले, की संतांच्या मांदियाळीत जणू तो हजर होता. आणि त्याच्यामुळे तुमचे-आमचेही हुकले नाही. हजर असूनही गैरहजर राहता येते, आणि गैरहजर असूनही हजर होता येते. हे लक्ष देण्यावर अवलंबून आहे.

याचा अनुभव आपण सर्वांनी अगदी अलीकडे घेतला. २०२० च्या आषाढीला साथीमुळे पायी वारी झाली नाही. प्रमुख संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरीला नेल्या. १ जुलैची एकादशी लाखो वारकऱ्यांविना झाली. २०२१ सालीही तेच. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी बेलापूर-राहुरीकडून आपल्या भागातून जाते. त्या दोन वर्षांत रस्ता सुना होता. पिढ्यान्‌पिढ्यांची वारी चुकली. डोळ्यांना पाणी आले, ते आलेच पाहिजे होते. ती धास्ती नव्हती, तो विरह होता. आणि मग घरोघर काय झाले? कोणी अंगणात तुळशीभोवती फेऱ्या घातल्या, कोणी दारातच टाळ घेऊन उभे राहिले. अरणच्या सावतामाळ्यांचे चरित्र तेव्हा कळले. मळ्यातल्या भाजीपाल्यात त्यांनी विठ्ठल पाहिला आणि मळा सोडला नाही. १२९५ साली ते गेले; आजही पांडुरंगाची पालखी पंढरीहून अरणला भेटीस जाते. भक्त जिथे पूर्णपणे आहे तिथे देवाला यावे लागते, ही केवढी मोठी आश्वासनाची गोष्ट आहे!

येथे दुसरी शंका. कोणी मिश्कील माणूस म्हणेल, ‘बुवा, त्या दोन वर्षांत महापूजा आम्ही मोबाईलवरच पाहिली. आणि तुमचीही कीर्तने यूट्यूबवर असतात की!’ असतात बरं. अंथरुणाला खिळलेली आजी, दुबईत राबणारा मुलगा, रात्रपाळीचा कामगार, यांना मंडपात येता येत नाही. त्यांच्यासाठी ती खिडकी आहे आणि ती उपकारक आहे. ज्याला आत येता येत नाही त्याने खिडकीतून पाहावे. पण जो आत येऊन बसला आहे, त्याने खिडकीतून बाहेर डोकावत बसावे, हे कुठले शहाणपण?

छायाचित्राचेही तसेच. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातील लिंडा हेन्केल यांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे छायाचित्र घ्यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारले, तर छायाचित्र घेतलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. जणू मन म्हणाले, ‘यंत्राने ठेवले आहे ना, मग मी कशाला ठेवू?’ पण त्यातही एक अपवाद निघाला. वस्तूच्या एखाद्या भागावर रोखून छायाचित्र घेतले, तर आठवण कमी झाली नाही. म्हणजे दोष यंत्राचा कमी, उडत्या नजरेचा अधिक. आपल्या ध्यानाची रीत काय आहे? आधी विटेवरचे समचरण, मग पीतांबर, कटीवरचे कर, गळ्यातली तुळशीमाळ, कौस्तुभ, मकरकुंडले, आणि मग श्रीमुख. एकेका ठिकाणी थांबत जायचे. आषाढीत तासन्‌तास रांगेत उभे राहून मिळणारे पदस्पर्शदर्शन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. पण या रीतीने पाहिलेला विठ्ठल वर्षभर पुरतो. आणि ज्याला रांग जमली नाही, त्याने मुखदर्शन घ्यावे. तेही नाही, त्याने नामदेवपायरीला माथा टेकावा आणि कळसाला हात जोडावेत. ‘कळस दिसला, वारी पावली,’ असे म्हणून समाधानाने परतणारी अडाणी म्हातारी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे काय हुकले? काहीच नाही.

आता उपाय. संप्रदायात अवघड साधन सांगण्याची चाल नाही. म्हणून जमेल तेच सांगतो. देवळाच्या दाराशी आपण पादत्राणे काढतो. मंडपाच्या दाराशी फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत टाकावा. सप्ताहाच्या मंडळींनी तशी सूचना विणेकऱ्याच्या मानाने, गोडीने करावी. जेवताना ताटाजवळ पाण्याचा तांब्या असावा, फोन नसावा. सकाळी आधी नाम, आधी आईबापांना नमस्कार, मग बाकीचे जग. ते तासभर पळून जात नाही. टिंगटिंग बंद करता येते, निळी खूणही बंद करता येते. घरातल्या शिकल्यासवरल्या नातवाकडून ते करून घ्यावे, त्या निमित्ताने त्याच्याही कानावर चार शब्द पडतील.

आणि एकादशी. उपवास या शब्दाचा अर्थ जवळ राहणे. पोट रिकामे ठेवणे हा त्याचा बाहेरचा भाग. वर्षाला चोवीस एकादश्या येतात, अधिक मास आला तर सव्वीस. त्या दिवशी कामापुरते बोलणे सोडून बाकीच्या मोबाईलचाही उपवास करून पाहावा. डेन्मार्कमध्ये २०१५ साली १,०९५ माणसांवर प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांनी आठवडाभर फेसबुक सोडले. आठवड्याच्या शेवटी, सोडणाऱ्यांनी आपले समाधान वाढल्याचे सांगितले. त्यांना आठवडा लागला. आपल्याला पंधरवड्याला एक दिवस तर परंपरेनेच राखून दिला आहे. पहिल्या एकादशीला हात दहादा खिशाकडे जाईल. जाऊ द्या. प्रत्येक वेळी हात परत आणून टाळावर ठेवा. हेच त्या दिवसाचे साधन. चौथ्या-पाचव्या एकादशीला ध्यानात येईल, की आपण नव्हतो तरी जग चालले होते, आणि आपण होतो म्हणून घर हसले होते.

तात्पर्य, सज्जनहो, जगात एका वेळी लक्षावधी गोष्टी घडतात आणि त्यांतल्या एक कमी लक्षावधी आपल्या हुकणारच आहेत. ही मनुष्यदेहाची मर्यादा आहे आणि हाच त्याचा मोठेपणाही आहे; कारण जी एक उरली ती संपूर्णपणे आपली होऊ शकते. त्या एकीला क्षण द्या. समोर मूल असेल तर ते, आई असेल तर ती, वाफा असेल तर वाफा, टाळ असेल तर टाळ. दहावा सापडेल. आणि विटेवरच्या देवाची काळजी करू नका. तो थांबणारा आहे, घाई त्याची नव्हे.

एवढे बोलून ही सेवा श्रीपांडुरंगाच्या चरणी ठेवतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!